सर्व्हरचं झाकण उघडून बघा, मगच पैसे द्या

सर्व्हरमध्ये कुणाकडून डिस्क बसवून घेणार असाल तर हे आधी वाचा. आमची फसवणूक झाली ती डोळ्यांदेखत झाली, आणि पाच महिने आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

काम सरळ होतं. आठ टेराबाइटच्या आठ नव्या हार्ड डिस्क, रेड कार्डाला (अनेक डिस्क एक संच म्हणून चालवणाऱ्या कार्डाला) जोडून रेड 6 या पद्धतीचा संच. डेटा केबल, पॉवरच्या स्वतंत्र तारा, मजुरी, सगळं धरून एक रक्कम ठरली. बसवणारा ओळखीतून आलेला, बोलायला नीट. डिस्कची बंद पाकिटं त्यानं आमच्यासमोर फोडली, दुपारभर काम केलं, स्क्रीनवर आठही डिस्कपुढे ‘ऑनलाइन’ दाखवलं, झाकण लावलं आणि जोडावर सील चिकटवलं. ‘हे काढलंत तर वॉरंटी गेली,’ म्हणाला. आम्ही सही करून पैसे देऊन मोकळे झालो.

पुढे सर्व्हर चोवीस तास चालू, तक्रार काही नाही. मग यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला तो बंद करावा लागला. परत चालू केला तर तीन डिस्क गायब. रेड 6 मध्ये दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. तिसरी गेली की अख्खा संच बसतो. तसाच तो बसला.

सील फाडलं. झाकण सरकवताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. आठ डिस्कसाठी पॉवर सप्लायकडून फक्त दोन साटा पॉवर कनेक्टर (डिस्कला वीज देणारी चपटी जोडणी) आणले होते, आणि प्रत्येकाला एकाचे चार करणारा स्प्लिटर. बिलात लावलेल्या स्वतंत्र तारा कुठेच नव्हत्या. एका स्प्लिटरचा काळा ठोकळा पिवळ्या, म्हणजे 12 व्होल्टच्या तारेच्या बाजूला तपकिरी होऊन फुगला होता. नख लावलं तर पापुद्रा निघाला.

हिशेब साधा आहे. साटा पॉवर कनेक्टरमध्ये 12 व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता 1.5 अँपिअर, म्हणजे एकूण 4.5. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की 8. एकदा फिरू लागल्या की मागणी बरीच उतरते, म्हणून रोजच्या चालण्यात काही जाणवत नाही. पहिल्या दोन-चार वेळा नवे कोरे कॉन्टॅक्ट ते सहन करतात. नंतर तापून ढिले झाले की नेमकं चालू करतानाच व्होल्टेज पडतं आणि डिस्क उठत नाहीत. ज्याचा हा रोजचा धंदा आहे, त्याला हे माहीत नसतं असं मी मानत नाही.

पॉवर सप्लायच्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या तारा आणून डिस्क सप्लायकडून येणाऱ्या चार स्वतंत्र तारांवर वाटल्या. (दुसऱ्या सप्लायच्या तारा कधीही लावू नका, कनेक्टर बसतो, पण सप्लायकडच्या पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि डिस्क जागच्या जागी जळते.) तिन्ही डिस्क परत आल्या, डेटा वाचला. पण आता शंका आली होती, म्हणून एकेक डिस्क काढून नीट पाहिली. स्क्रूच्या भोकांच्या कडा घासून चमकत होत्या. पॉवर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर वारंवार काढल्या-घातल्याचे ओरखडे होते. पाच महिन्यांत त्या एकदाच बसवलेल्या!

डिस्क स्वतःच्या वापराची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातले चालू तास सुमारे 3,700 होते, म्हणजे पाच महिन्यांना बरोबर जुळणारे. तिथेच थांबलो असतो तर चोरी पचली असती. पण स्मार्टचा हा आकडा पुसून शून्यावर आणता येतो. सीगेट कंपनीच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते; अशा नोंदी वाचणाऱ्या स्मार्टमॉन्टूल्स या सॉफ्टवेअरच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. डिस्क कार्डावरून काढून दुसऱ्या मशिनच्या साटा पोर्टला थेट लावली आणि फार्म पाहिलं: 31,000 तासांच्या वर. आमचे तास वजा केले तरी तीन वर्षांहून जास्त वापरलेली डिस्क आम्हाला नवी म्हणून विकली होती. आठही तशाच. 2025 च्या सुरुवातीला युरोपात तास पुसलेल्या जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं उघड झाली, तीही याच फार्ममुळे.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘माल मला असाच आला.’ मग, ‘सील तुम्ही तोडलंत.’ आणि शेवटी, ‘या डिस्क मी दिलेल्याच कशावरून?’ इथे आम्ही गप्प झालो, कारण बिलावर फक्त ‘हार्ड डिस्क 8 टीबी, 8 नग’ एवढंच होतं. एकही सीरियल नंबर नाही. तो हे पहिल्या दिवसापासून जाणून होता.

म्हणून कळकळीनं सांगतो, पैसे देण्याआधी झाकण उघडं असतानाच तारा मोजा, फोटो काढा. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर बिलावर घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख पाहा. कार्डाचा हिरवा दिवा डिस्कचं वय सांगत नाही. तास डिस्क बसवण्याआधी थेट जोडून वाचा. पूर्ण बंद करून, गार होऊ देऊन, दोन-तीनदा चालू करून पाहा. आणि तुमचं काम नुकतंच झालं असेल, बिलावर नंबर नसतील, तर आजच त्या माणसाला मेल करून सगळ्या डिस्कचे नंबर लेखी मागवा. भांडण सुरू होण्याआधी तो ते देईल, नंतर देणार नाही.