जिंप आठ महिने वापरल्यावर: डिझायरचा पुढचा अ‍ॅक्सल 80 मिलिमीटर पुढे सरकवला

फोटोतल्या गाडीचा आकार बदलून बघायला आधी फोनवर पैसे भरून घेतलेलं एक अ‍ॅप वापरत होतो, त्यात गाडी लांब केली की चाकंपण सोबत अंड्यासारखी व्हायची, म्हणून लॅपटॉपवर जिंप 3.0 हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, आणि 8 जीबी रॅमवर माझं काम निभावतंय.

मामाच्या मारुती डिझायरच्या फोटोवर सुरुवात केली. डिझायरच का, तर 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची एक्साइज ड्युटी 24 वरून 16 टक्क्यांवर आणली, आणि 2008 ला 4160 मिमी लांब आलेली डिझायर 2012 च्या मॉडेलला 3995 वर आली. डिकी एकदम छाटल्यासारखी. मला बघायचं होतं की ते 165 मिमी परत दिले तर गाडी खरंच सुंदर दिसते का.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे फोटो असा स्केल करायचा की बंपर टू बंपर बरोबर 3995 पिक्सेल येतील, मग एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, 2430 यायला हवा. टायर 165/80 आर 14, म्हणजे व्यास साधारण 620, माझ्या फोटोत आडवा मोजला तर 618 आला तेव्हा खात्री पटली की फोटो सरळ आलाय. त्यासाठी गाडीपासून पंधरा मीटर लांब उभं राहून झूम करून काढा, जवळून काढला की मधला दरवाजा फुगतो आणि दोन्ही टोकं लहान होतात, मग पुढची सगळी मापं चुकतात.

पहिले दोन महिने मी फक्त डिकीच वाढवत होतो, 165 पिक्सेल पूर्ण दिले तरी गाडी मागे ओढल्यासारखी दिसायची. मग छप्पर 50 ने खाली घेतलं आणि पुढचं चाक 80 ने पुढे सरकवलं, आणि गाडीच बदलली! पुढचं दार आणि चाक यांच्यातली जागा वाढली की बॉनेट लांब वाटतं, गाडी ऐटीत उभी राहते. आपली प्रीमियर पद्मिनीपण चार मीटरच्या आतलीच होती, पण छप्पर बुटकं, त्यामुळे तिची डिकी कधी चिकटवल्यासारखी वाटली नाही. हे मला फोटो ताणताना समजलं, आणि तेव्हापासून रस्त्यावरची प्रत्येक गाडी मी तशीच बघतो.

हे करताना चाकं, दरवाजे, हँडल ताणायचे नाहीत. पाथ टूलने (कडेने रेघ आखून भाग निवडायचं टूल) चाक कापून वेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर), बंपर-हेडलाइट वेगळ्या लेयरवर, आणि खेचायचा तो फक्त दार आणि व्हील आर्च (चाकावरची कमान) यांच्यामधला साध्या पत्र्याचा पट्टा. 3.0 मध्ये तीन-चार लेयर एकदम सिलेक्ट होतात, त्यामुळे चाक, बंपर आणि खालची सावली सोबत सरकतात, हे खूप सोयीचं. केज ट्रान्सफॉर्म (भागाभोवती बिंदूंचा पिंजरा आखून तो वाकवायचं टूल) छपरासाठी छान आहे पण मोठ्या फोटोवर माझा लॅपटॉप बराच वेळ घेतो, म्हणून आता मी छपराचा भाग कापून छोट्या लेयरवरच वापरतो.

खरी कसोटी रिफ्लेक्शनची. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत दारावर एक सलग रेघ होऊन दिसत होती, पट्टा खेचल्यावर ती फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) चार पिक्सेल वर सरकली, आणि फोटो खोटा आहे हे मामाने नेमकं तिथे बोट ठेवून सांगितलं. ती रेघ हील टूलने (आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग झाकणारं) जुळेना, कडेला रंग पसरत होता, शेवटी क्लोन टूल (एका जागचा भाग दुसरीकडे जसाच्या तसा उमटवणारं) आणि बारीक ब्रश घेऊन दोन संध्याकाळी बसलो तेव्हा जुळली. खालचे पेव्हिंग ब्लॉकपण बघा, एक ब्लॉक लांब झाला तरी डोळ्याला खुपतो.

आणि एक्सपोर्ट करून जेपीजी काढलं म्हणजे काम सेव्ह झालं असं नाही, लेयर फक्त जिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये राहतात, माझी पहिली पूर्ण डिझायर तशीच गेली. आता समोरून तिरक्या काढलेल्या फोटोवर तेच करतोय, तिथे चाकं लंबगोल दिसतात आणि एक पिक्सेल एक मिलिमीटर हा हिशोब चालत नाही, त्यामुळे दर वेळी बाजूचा फोटो शेजारी उघडून नजरेनेच ठरवावं लागतं.