कोकण किनाऱ्यावर दोन महिने: तंबू की कॅरॅव्हॅन?

मुंबईहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि रेवसपासून रेडीपर्यंत मुलाबाळांसकट सावकाश खाली उतरायचं, महिना-दोन महिने. हा बेत ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हा आढावा. शनिवार-रविवार अलिबागला जाऊन येणाऱ्यांना यातलं फारसं काही लागू नाही. स्वतःची गाडी आणि डिकीत तंबू, की भाड्याची कॅरॅव्हॅन? माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी तंबू घ्यावा. तरी व्हॅनची बाजू पुरती ऐकून घ्या, काही घरांना तीच सोयीची आहे.

कॅरॅव्हॅनची हौस बहुतेकांना ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून लागते. तिथल्या नलारबोरच्या रस्त्यावर एका टप्प्यात १४६ किलोमीटर एकसुद्धा वळण नाही. वाटेत रात्रीला थांबायला मोकळ्या जागा आहेत, संडासाची टाकी ओतायला ठरलेली ठिकाणं आहेत, आणि वस्ती जवळपास नाहीच, म्हणून घर बरोबर न्यावं लागतं. आपला शाळेच्या पुस्तकातला ७२० किलोमीटरचा किनारा खाड्यांनी जागोजाग कापलेला, आणि दोन खाड्यांच्या मध्ये एकामागून एक वाड्या. माणूस कुठेही भेटतो, रुंद रस्ता मात्र भेटत नाही.

खाड्या आणि गल्ल्या

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड: किनारा सोडायचा नसेल तर वाटेत एवढ्या फेरीबोटी लागतात. दाभोळला बोट टाळायची म्हटली तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. बोटीने तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होतं.

तंबूवाली गाडी बोटीवर कुठेही मावते. व्हॅनची अडचण तिच्या उंचीपेक्षा शेपटीची जास्त. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या व्हॅनचं बरंच अंग मागच्या चाकांच्या मागे लोंबत असतं. पूर्ण ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार तीव्र होतो, आणि चढता-उतरताना मागचा बंपर किंवा खाली बसवलेली पाण्याची टाकी जमिनीला घासते. म्हणून व्हॅनवाल्यांनी बोट गाठायची ती पाणी वर असताना. त्यासाठी ॲप नसलं तरी चालतं. किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट करून सांगेल: चतुर्थीला साधारण तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास वर-खाली होतं, मालवणकडे जेमतेम त्याच्या निम्मं. त्यामुळे हा ताप उत्तरेच्या खाड्यांवर जास्त.

गल्ल्यांचं दुखणं दक्षिणेलाही तेवढंच आहे. देवबाग घ्या. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मधल्या माडांच्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा एकच रस्ता. ओळखीच्या एका कुटुंबाची व्हॅन तिथे शिरली तेव्हा मी मागच्या गाडीत होतो. घरमालकीण झाडू हातात घेऊनच बाहेर आली, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "छपराक वायर लागतली, मागे घेवा." दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आरसे मिटलेले, मागे बर्फाची पेटी लादलेला टेम्पो हॉर्न मारतोय. ड्रायव्हर कसलेला होता म्हणून निभावलं. शेवटी व्हॅन मंदिराजवळच्या पटांगणात राहिली आणि मंडळी चालत घरी गेली. केळशी, आंजर्ले, दिवेआगर, सगळीकडे वाड्यांमधले रस्ते याच मापाचे आहेत.

गाडीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनचं काहीजण विचारतात. या किनाऱ्यावर नको. घाटाच्या वळणावर समोरून एसटी आली की तुम्हाला ते धूड मागे घ्यावं लागणार, आणि ते कसब आपल्याकडे फारसं कुणाला नाही.

वीज, पाणी आणि पुढचं

व्हॅनवाले 'सगळं आतच आहे' असं सांगतात. आत आहे हे खरं, पण किती वेळ पुरतं ते बघा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर २.४ युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला युनिटभर तरी खातो. अकराला लावलात तर एकच्या सुमाराला बंद पडणार, आणि दिवसभर उन्हात तापलेला पत्र्याचा डबा त्यानंतर उरलेली रात्र तुम्हाला शिजवणार. जनरेटर लावला तर गाव झोपत नाही. मग पंधरा अँपिअरचा प्लग शोधत कुणाच्या तरी पडवीत जायचं, आणि बहुतेक घरी तो विहिरीच्या पंपासाठी असतो.

पाण्याचंही तसंच. शंभर लिटरची टाकी चार माणसांच्या आंघोळीत आणि भांड्यांत एका दिवसात उडते. समुद्रात डुंबून आलेल्या मुलांच्या अंगावरची वाळू धुवायला निघालात तर तेवढंही टिकत नाही. त्याहून अवघड प्रश्न संडासाचा. कॅसेट टॉयलेट, म्हणजे बाहेर काढून ओतायच्या टाकीचा संडास, पंधरा-वीस लिटरचं असतं. चौघांत दोन दिवसांत भरतं. ते ओतायचं कुठे? राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी रेवस ते रेडी प्रवासात ठरावीक अंतरावर हक्काची जागा मिळेल असं धरून निघू नका. रात्री गुपचूप पुळणीवर किंवा वहाळात ओतणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे पुढच्या व्हॅनला गावात कुणी उभं करत नाही. सरळ मार्ग एकच: यजमानाला विचारायचं, त्याच्या सेप्टिक टँकच्या संडासात रिकामं करायचं आणि त्याचे पैसे द्यायचे.

म्हणजे दिवसाआड कुणाच्या तरी अंगणात जाणं आलंच. माझा मुद्दा एवढाच की अंगणातच जायचं असेल तर तिथे तंबू ठोका. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' ही पाटी या किनाऱ्यावर गावोगाव आहे. खोली न घेता अंगण, न्हाणीघर आणि एक प्लग एवढंच मागितलं तर पहिल्यांदा लोक चक्रावतात, मग हसतात, मग भाव सांगतात. आठवड्यातून एक-दोन रात्री खोलीच घ्या. कपडे धुऊन निघतात, मुलं पंख्याखाली झोपतात आणि बायकोशी होणारी भांडणं निम्मी होतात.

तंबूची बाजू काही सोपी नाही

सुरूच्या बनात तंबू छान दिसतो, पण तिथली बरीच जमीन वनखात्याची असते. ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय ठोकू नका. गाडी पुळणीवर उतरवण्याचा मोह तर अजिबात नको. ओल्या वाळूत रुतलेली गाडी आणि चढती भरती ही बातमी दर हंगामात येतेच.

तंबूबरोबर येणाऱ्या लोखंडी खुंट्या वाळूत टिकत नाहीत. दोरीला आडवी काटकी बांधा, हातभर खोल पुरा आणि वरून वाळू दाबा. माडाखाली कधीही नाही, मग सावली कितीही असो. नारळ पडायला वारा लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत दव एवढं पडतं की वरचं कापड न लावता झोपलात तर पहाटे पांघरूण पिळावं लागेल.

फुरशांचं, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांचं, भय खरं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या दगडाच्या कपारींत आणि पाचोळ्यात ती सापडतात. तंबू गडग्यापासून लांब, झाडून घेतलेल्या जागेवर. चेन कायम बंद. रात्री संडासला जाताना बॅटरी आणि पायात बूट. सकाळी बूट झटकायचे, विंचवासाठी. मुलांना हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं, मोठ्यांनाच परत परत सांगावं लागतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरची लस आहे का, हे मुक्कामाच्या गावी पोचल्या पोचल्या विचारून ठेवा. व्हॅनमध्ये हा सगळा व्याप नाही, हे तिच्या बाजूने मोठं.

स्वयंपाकात फरक कमी आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर दोन्हीकडे लागतो. फक्त व्हॅनच्या आत बांगडे तळू नका. हर्णैच्या लिलावातून आणलेली मासळी कितीही ताजी असली तरी गाद्यांना बसलेला वास परत मुंबईपर्यंत येतो.

पैशांचा हिशोब सरळ आहे. चौघांचा चांगला तंबू, मॅट आणि शेगडी मिळून जो खर्च येतो तो व्हॅनच्या काही दिवसांच्या भाड्यात निघतो, आणि तंबू नंतर घरच्या माळ्यावर पडून राहतो. विकतची व्हॅन तर मुंबईतल्या सोसायटीत लावायचीच पंचाईत. शाळेचं म्हणाल तर पाचवीच्या आतलं मूल असेल आणि बाईंशी आधी बोललात तर मार्ग निघतो. दहावीच्या वर्षी हा विषय काढूच नका.

व्हॅन कुणी घ्यावी

बरोबर सत्तरीचे आई-वडील असतील, गुडघे दुखत असतील, रात्री तीनदा उठावं लागत असेल, तर बिनदिक्कत व्हॅन घ्या. तान्हं बाळ असेल तरी घ्या. मात्र मग किनारा धरून जाण्याचा हट्ट सोडा. मुंबई-गोवा महामार्गाने उतरायचं आणि गुहागर, गणपतीपुळे, मालवण अशा तीन-चार ठिकाणी आठवडा-आठवडा तळ टाकायचा. गणपतीपुळ्याला आणि तारकर्लीला एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. आवारात व्हॅन उभी करून प्लग मिळेल का, हे आधी फोनवर विचारा. गल्लीबोळांत फिरायला तिथून रिक्षा करा.

दिवाळी ते शिमगा हा दोन्हींचा हंगाम. शिमग्याला पालख्या निघतात, चाकरमानी गावी येतात, अंगणंसुद्धा रिकामी मिळत नाहीत, तेव्हा त्या आठवड्याचा मुक्काम आधी ठरवून ठेवा. फेब्रुवारीपासून वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बाहेर पडतात. तिथे समुद्राच्या बाजूला ना तंबूतला दिवा लावायचा, ना व्हॅनचे हेडलाइट. पिल्लं उजेडाकडे वळतात.

भाडं ठरवताना आरसी बुकावर गाडीचा वर्ग 'मोटर कॅरॅव्हॅन' आहे का, ते बघा. साध्या प्रवासी गाडीत गॅस आणि बिछाने बसवलेले असतील तर अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला आयती जागा मिळते. ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार, हेही तेव्हाच ठरवा. व्हॅनमध्ये त्याच्यासाठी बिछाना नसतो, आणि तुमच्या तंबूवाल्या शेजाऱ्यालाच त्याला जागा द्यावी लागते.