नाताळी टवाळीचे खोके: एक परीक्षण

ब्रिटनमध्ये नाताळच्या जेवणाआधी शेजारी बसलेल्याच्या मदतीने दोन्ही टोके ओढून जी कागदी नळी फोडतात, तिला क्रॅकर म्हणतात. लंडनचे मिठाईवाले टॉम स्मिथ यांनी १८४७च्या सुमारास तिची सुरुवात केली, असे सांगितले जाते. आत रंगीत कागदाचा मुकुट, एखादी किरकोळ वस्तू आणि एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवरचा विनोद इतका भिकार असतो की सगळ्यांनी मिळून कण्हणे हाही आता रिवाजाचाच भाग झाला आहे. येथील एका लहान उत्पादकाने काढलेल्या सहा क्रॅकरच्या खोक्यात मात्र विनोदाऐवजी नाताळशी निगडित टवाळ बोलशब्द छापले आहेत आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूस त्यांचा अर्थ दिला आहे.

कल्पना उत्तम आहे. अंमलबजावणी चिठ्ठीगणिक बदलते. 'क्रिम्बो' म्हणजे नाताळ, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, त्यामुळे ती चिठ्ठी कोरडीच जाते. 'ट्विक्समस' ही चिठ्ठी तिच्याहून बरी. नाताळ उरकला आहे, नवे वर्ष उजाडायचे आहे आणि आज वार कोणता हे घरात कोणालाच धड सांगता येत नाही, अशा मधल्या दिवसांना हे नाव आहे. भाऊबीज होऊन गेल्यावर शाळा उघडेपर्यंतचे, उरलेल्या चिवड्यावर काढलेले दिवस ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना ते लगेच पटेल.

खोक्याचे पैसे खरोखर वसूल होतात ते 'टर्कींनी नाताळला मत देणे' या चिठ्ठीवर. टर्की हा नाताळच्या जेवणात भाजून वाढला जाणारा पक्षी. आपल्याकडे अशा वेळी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला असे म्हणतात, पण त्यात केवळ मूर्खपणा येतो. आपणच ताटात वाढले जाणार आहोत हे न कळता रांगेत उभे राहण्यातला विनोद येत नाही. २८ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांच्या सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आला, तेव्हा त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्कॉटिश नॅशनल पक्षाला त्यांनी सभागृहात याच टर्कींची उपमा दिली. सरकार ३१० विरुद्ध ३११ अशा एका मताने पडले, आणि त्यानंतरच्या मे महिन्यातील निवडणुकीत त्या पक्षाचे अकरा खासदार होते, तेथे दोनच उरले. चिठ्ठीवर यातील एक ओळही नाही, हा या खोक्याचा सर्वांत मोठा करंटेपणा म्हणावा लागेल.

'सिली सीझन' या चिठ्ठीत तर सरळ गफलत आहे. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये नाताळाच्या धामधुमीला असे म्हणतात हे खरे, पण ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ संसदेला सुट्टी असलेला, वर्तमानपत्रांना बातम्या न मिळणारा उन्हाळ्याचा काळ असा होतो. खोक्यावर ठळकपणे 'अस्सल ब्रिटिश' असे छापणाऱ्याने एवढे तरी पाहायला हवे होते. 'क्रीम क्रॅकर्ड' हा लंडनच्या यमकी बोलीतला, म्हणजे मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे शब्द वापरणाऱ्या बोलीतला, शब्द अतिशय दमलेल्या माणसासाठी वापरतात आणि स्वयंपाक करणाऱ्याला तो त्या दिवशी तंतोतंत लागू पडतो. मात्र ज्या शब्दाशी त्याचे यमक जुळते तो थोडा आडदांड असल्याने वडीलधाऱ्यांसमोर जपून वापरावा. 'हम्बग' म्हणजे थोतांड. त्यावरून डिकन्सचे १८४३ सालचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे पुस्तक आणि त्यातील, नाताळलाच थोतांड म्हणणारा खडूस स्क्रूज आठवतोच. याच नावाची पट्ट्यापट्ट्यांची पेपरमिंटची गोळी येथे सर्वत्र मिळते, ती नळीत घालण्याऐवजी प्लॅस्टिकची फणी का घातली, हे अनाकलनीय आहे.

मुकुटांचा कागद पातळ असून मोठ्या डोक्यावर फाटतो. आवाज मात्र सहाही नळ्यांचा खणखणीत निघाला. किंमत साध्या खोक्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी जेवायला इंग्रज शेजारी येणार असतील आणि गप्पांना विषय हवा असेल, तर घ्यायला हरकत नाही. बारा वर्षांखालील मुलांना क्रॅकर विकण्यास येथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे खरेदीला मुलांना एकटे पाठवू नये. आणि आतील कागदी पट्टीवर अल्प प्रमाणात का होईना स्फोटक द्रव्य असल्याने पुण्यामुंबईच्या नातेवाइकांसाठी खोके सामानात भरण्यापूर्वी विमान कंपनीचा नियम अवश्य वाचावा.