घरच्या समारंभाला जादूगार: स्टेजवरचा की टेबलाजवळचा?

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या बंगल्याच्या हिरवळीवर पन्नास-साठ पाहुणे जमणार असतील, तर टेबलाटेबलावर फिरणारा जादूगारच बोलवा. त्याला स्टेज नको, साउंड नको. पत्त्यांचा कॅट, चार नाणी आणि पाहुण्याचीच अंगठी एवढ्यावर भागतं. आत्याबाईंनी सही केलेला पत्ता त्यांच्याच मुठीतून निघतो, तेव्हा आजोबासुद्धा खुर्ची पुढं ओढतात. अनोळखी व्याही मंडळी आपसूक बोलायला लागतात, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त तांबडा-पांढरा वाढायच्या आधी त्याचं काम संपवा. जेवताना हात मोकळे नसतात.

जादूगार रघुवीरांनी मराठी माणसाला गोडी लावली ती स्टेजवरच्या जादूची. दोन-तीनशे पाहुणे आणि बंद हॉल असेल तर तिची शान वेगळीच. पण पेटीतले मोठे प्रयोग समोरूनच बघायचे असतात; हिरवळीवर लोक चहूबाजूंनी बसले की गुपित उघडं पडतं. शिवाय सहायक, सामानाचा टेम्पो, मागचा काळा पडदा, मांडणीला वेळ. पुण्या-मुंबईहून संच येणार असेल तर प्रवास आणि मुक्काम मानधनात धरलाय का, हे बयाणा देण्याआधीच लिहून घ्या.