लग्नपत्रिका पोस्टाने: 20 ग्रॅमची रेष आणि पाकिटावरचा पत्ता

साध्या टपालाचा दर 5 रुपये, हे सगळ्यांना पाठ असतं. पत्रिकेच्या बाबतीत इथेच हिशेब चुकतो. 5 रुपये लागतात 20 ग्रॅमपर्यंतच्या पत्राला. पुढच्या प्रत्येक 20 ग्रॅमला, मग तो एखादाच ग्रॅम का असेना, आणखी 5. आता 5 बाय 7 इंची, मधे घडी असलेली, 300 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) कार्डाची पत्रिका धरा. नुसतं कार्ड साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतं, 120 जीएसएमचं पाकीट साडेसहा-सात ग्रॅम. म्हणजे रिबीन बांधायच्या आधीच काटा 20 च्या पुढे सरकला. तेच कार्ड 250 जीएसएमवर आणलं तर पाकिटासकट 18 ग्रॅममध्ये बसतं आणि 200 पत्रिकांमागे सरळ 1000 रुपये वाचतात. हातात घेतल्यावर हा फरक फारसा कुणाला कळत नाही. म्हणून छपाईची ऑर्डर देण्याआधी छापखान्यातून कोरा नमुना पाकिटासकट मागून घ्यावा आणि पोस्टाच्या काउंटरवर तोलून घ्यावा. डिजिटल स्वयंपाकघरी काट्यावर 1 ग्रॅमचा फरक पकडता येतोच असं नाही, त्यामुळे 10 पत्रिका एकत्र तोलून 10 ने भागावं.

तिकीट कमी पडलं तर पत्रिका ‘बेरंग’ (अपुऱ्या तिकिटाची) ठरते आणि तुटीच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडे मागितले जातात. आमंत्रणाचे पैसे पाहुण्यानेच भरायचे, यापेक्षा फोन केलेला बरा! स्वस्तात जावं म्हणून पाकिटाला गोंद न लावता वर ‘बुक पोस्ट’ लिहायची जुनी सवय अजून अनेकांना आहे. त्यावर अंदाजपत्रक आखू नये, पत्राच्या दरानेच आखावं.

दराच्या मानाने साधी टपालसेवा उत्तम आहे, पण पत्रिका कुठे पोहोचली हे कळायची सोय शून्य. ती हवी असेल तर स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं. ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरांनुसार 50 ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 19 रुपये आणि बाकी देशभर कुठेही 47, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे बाहेरगावच्या एका पत्रिकेला साधारण साडेपंचावन्न रुपये. शंभर पत्रिका दुप्पट तिकिटाने साध्या टपालात टाकल्या तर 1000, स्पीड पोस्टने साडेपाच हजारांच्या वर. सगळ्यांना स्पीड पोस्ट म्हणजे पैशांची उधळपट्टी. मामा, आत्या, व्याह्यांकडची मानाची माणसं अशा पंधरा-वीस घरांपुरतं ते वापरावं, बाकी साधं टपाल. पेटीवजा जाड पत्रिका 50 ग्रॅम ओलांडते आणि मग अंतरानुसार दर लागतो: 200 किलोमीटरपर्यंत 59, दोन हजारांपुढे 77, अधिक जीएसटी.

हरवलेल्या पत्रिकांचं खापर पोस्टमनवर फुटतं, पण दोष पुष्कळदा पत्त्याचा असतो. ‘मु. पो.’ आपण एका दमात लिहून टाकतो. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव, पो. म्हणजे ज्या गावात पोस्ट आहे ते. लहान वाडीचं पोस्ट शेजारच्या गावात असतं, तेव्हा दोन्ही नावं वेगळी लिहायची, पुढे तालुका आणि जिल्हा. पिनचे पहिले तीन आकडे टपाल कुठल्या विभागात जाणार ते ठरवतात. 416 मध्ये मुख्यतः कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग, तर 415 मध्ये मुख्यतः सातारा आणि रत्नागिरी. एक आकडा चुकला की सावंतवाडीची पत्रिका घाटावर फिरून येते. वडगाव, पिंपळगाव अशी नावं तर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, तिथे पिनशिवाय गत्यंतर नाही. राज्यात मराठी पत्ता चालतो. राज्याबाहेर इंग्रजीत लिहावा. पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला हवाच, नाहीतर न पोहोचलेली पत्रिका परत यायची कुठे?

पाकिटाचा कागद हा दुसरा घोळ. चकचकीत सोनेरी किंवा गडद मरून पाकिटावर बॉलपेन उठत नाही, तिकीट सुटतं, शिक्क्याची शाई पसरते. अशा पाकिटाला पांढरं लेबल लावावं आणि तिकिटाच्या चारही कडांना गोंद द्यावा, नुसत्या थुंकीवर विसंबू नये. रिबिनीची गाठ, मेणाचा शिक्का, पितळी गणपती हे गठ्ठ्यात दाबले जातात आणि पाकीट आतून फाडतात. अशा पत्रिका हाताने द्यायलाच शोभतात. हळद-कुंकवाची बोटं कोपऱ्यांवर लावून रात्रभर वाळू द्यावीत. ओलं कुंकू खालच्या पाकिटावरच्या पत्त्यावर उतरतं. छापखाना पत्रिकेइतकीच पाकिटं देतो, लिहिताना काही बिघडतातच, तेव्हा दहा टक्के जास्त मागावीत.

एकदम 200 तिकिटं छोट्या पोस्टात मिळतीलच असं नाही, चार दिवस आधी सांगून ठेवावं. वधू-वरांच्या फोटोचं ‘माय स्टॅम्प’ हौसेला ठीक: 12 तिकिटांचा ताव 300 रुपयांना, म्हणजे 5 रुपयांचं तिकीट 25 ला. पहिली पत्रिका गणपतीची असते, त्या पाकिटाला ते शोभेल. राजस्थानातल्या रणथंबोरच्या त्रिनेत्र गणेशाला अशा पत्रिका देशभरातून टपालानेच जातात.

परदेशच्या पाकिटात अक्षता घालू नयेत. धान्य पोखरणाऱ्या खाप्रा भुंग्याच्या धास्तीने ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका भारतातल्या तांदळाबाबत कडक आहेत, चार दाण्यांपायी पत्रिकाच अडकते. राज्यातल्या साध्या टपालाला तीन आठवडे, परराज्याला महिना हाताशी ठेवावा. लग्नसराईत ऐनवेळी निघालेल्या गठ्ठ्याला फोनची जोड लागतेच, आणि ‘हेच अगत्याचे निमंत्रण समजावे’ ही छापील ओळ आत्याबाईंना काही पुरत नाही.