ॲस्पेन डिस्कव्हरी: आवृत्त्या एकत्र दिसतात, आरक्षण मात्र एकाच नोंदीवर

कोहा या मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणालीच्या मूळ ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, एखादी गाजलेली कादंबरी शोधली, की तिच्या प्रत्येक आवृत्तीची वेगळी ओळ येते. पहिल्या ओळीतल्या सगळ्या प्रती बाहेर गेलेल्या असतात, चौथ्या ओळीतली प्रत कपाटात असते, आणि वाचक पहिल्याच ओळीवरून परत फिरतो. ॲस्पेन डिस्कव्हरी हा मुक्तस्रोत कॅटलॉग कोहासारख्या प्रणालीच्या पुढ्यात बसवला, की ही अडचण बरीचशी दूर होते.

यात एका साहित्यकृतीला, तिच्या आवृत्त्या कितीही असोत, एकच जागा मिळते. खाली पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओबुक अशी स्वरूपं आणि प्रत्येकासमोर ते उपलब्ध आहे की नाही. आवृत्त्यांची यादी उघडली की प्रकाशक, वर्ष आणि प्रत कुठल्या शाखेत आहे ते कळतं. वाचकाला आधी हवं ते आधी आणि बाकीचं एका क्लिकवर, ही मांडणी आम्हाला मनापासून आवडते.

नोंदी एकत्र येतात त्या शीर्षक, लेखक, साहित्यप्रकार आणि भाषा या चार गोष्टी जुळल्या तरच. मराठी पुस्तकांची गाडी इथेच अडते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकाचं शीर्षक साधारणपणे मार्क या नोंदींच्या प्रमाण साच्यातल्या २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात रोमन लिपीत असतं आणि देवनागरी रूप ८८० मध्ये. दुसऱ्या आवृत्तीची नोंद भारतातून घेतलेली असेल आणि तिच्या २४५ मध्ये थेट देवनागरी असेल, तर एकाच पुस्तकाचे दोन गट पडतात. लेखकाचं नाव १०० क्षेत्रात एकीकडे आद्याक्षरांनी आणि दुसरीकडे पूर्ण लिहिलं तरी तेच. भाषेचा संकेत ००८ क्षेत्राच्या ३५ ते ३७ या स्थानांवर असतो. तिथे ‘एमएआर’ऐवजी ‘ईएनजी’ राहून गेलं, की मराठी पुस्तक इंग्रजी ठरतं. कर्मचाऱ्यांना गट हाताने जोडता येतात. तरी आधी मूळ नोंदच सुधारावी. जोडलेला गट फक्त ॲस्पेनमध्ये दिसतो, चुकीची नोंद मात्र इतर ग्रंथालयांकडे जशीच्या तशी जात राहते.

उपलब्धता वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गटासमोर दिसते ती सगळ्या प्रतींमधली सर्वांत चांगली स्थिती. पंचवीस मैलांवरच्या शाखेत एक प्रत असली तरी गट ‘शेल्फवर’ दिसू शकतो. म्हणून शाखेचं नाव पाहिल्याशिवाय निघू नये. कोहातल्या ‘हरवले’, ‘खराब’, ‘प्रवासात’ अशा स्थितींची ॲस्पेनच्या स्थितींशी सांगड ग्रंथालयाने घालून द्यायची असते. एखादी स्थिती राहून गेली, तर प्रतीबद्दल चुकीची माहिती दिसते आणि वाचकाची फेरी फुकट जाते.

या व्यवस्थेचा खरा कच्चा दुवा आरक्षण आहे. पडद्यावर गट एक असला, तरी कोहात आरक्षण एका नोंदीवर पडतं आणि त्याच नोंदीच्या प्रतींसाठी रांग लागते. २०१० च्या आवृत्तीसाठी सहा जण ताटकळत असताना १९९८ ची प्रत कपाटातच पडून राहू शकते. एव्हरग्रीन या दुसऱ्या ग्रंथालय प्रणालीत कुठलीही आवृत्ती चालेल असं सांगून आरक्षण करता येतं. त्या बाबतीत ती सरस आहे. ॲस्पेनमध्ये वाचकाने आरक्षणाचं बटण दाबण्याआधी आवृत्त्यांची यादी उघडावी आणि जिची प्रत मोकळी आहे ती निवडावी.

कायदा, वैद्यक, स्पर्धा परीक्षा यांच्या पुस्तकांत मात्र कुठलीही आवृत्ती चालत नाही. सुधारित आवृत्ती जुन्यांबरोबर एका गटात गेली, की विद्यार्थ्याच्या हाती रद्द झालेली कलमं पडण्याची भीती असते. गटात घेऊ नयेत अशा नोंदींची यादी करण्याची सोय ॲस्पेनच्या प्रशासन विभागात आहे. ग्रंथपालांनी निदान पाठ्यपुस्तकांपुरती ती जरूर वापरावी आणि नवी आवृत्ती दाखल होईल तेव्हा तिचा नोंद क्रमांक त्या यादीत घालावा.