खऱ्या नावाची सक्ती की मुरलेलं टोपणनाव?

ऑनलाइन अनोळखी माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? ओळखपत्राच्या, की मागच्या वागणुकीच्या?

पहिला मार्ग दक्षिण कोरियानं चोखाळला. २००७ पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचं तर आधी नागरिक नोंदणी क्रमांक पडताळून घ्यावा लागे. शिवीगाळ आटोक्यात येईल, ही आशा. ती म्हणावी तशी फळली नाही. उलट कंपन्यांकडे लोकांच्या क्रमांकांचे ढीग साचले. २०११ मध्ये सायवर्ल्ड हे समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीवर सायबरहल्ला झाला आणि सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सक्ती एकमतानं रद्द केली.

दुसरा मार्ग ईबे या ऑनलाइन बाजाराचा. तिथे विक्रेता टोपणनावानं वावरतो, पण प्रत्येक सौद्यानंतरचा शेरा त्याच्या नावाला चिकटतो. संशोधक पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एक झकास प्रयोग केला: जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याला त्याच्या जुन्या नावानं आणि कोऱ्या नावांनीही तसाच माल विकायला लावला. माणूस तोच, तरी जुन्या नावाला गिऱ्हाइकांनी सुमारे आठ टक्के जास्त मोजले. (कुसुमाग्रजांचं आधारकार्ड आपणही कधी मागितलं नव्हतं.)

माझा कौल टोपणनावाला, पण एक खोट आहे. नाव बदनाम झालं की फेकून नवं घेता येतं, म्हणून प्रत्येक नवख्याकडे संशयानं पाहिलं जातं. लबाडांचा भुर्दंड प्रामाणिक नवखे भरतात.